वैजनाथरावांची नदीची फाईल

वैजनाथराव बुलढाण्यातल्या एका सरकारी कचेरीतून मोठे बाबू म्हणून निवृत्त झाले, आणि चौतीस वर्षांत त्यांच्या टेबलावरून एकही फाईल पहिल्या फेरीत पुढे सरकली नाही. तुम्ही म्हणाल, खात असतील. छे हो, चहासुद्धा घरून थर्मासमध्ये आणायचे. माणूस धुतल्या तांदळासारखा, फक्त त्रुटी काढायचा नाद भारी. सही असली तर शिक्का नाही, शिक्का असला तर तारीख नाही, आणि तारीख असली तर ती नेमकी रविवारची. अशा माणसाला कोणतीही गोष्ट निवडायला सांगू नये. प्रतिमाबाईंनी नेमकं तेच केलं.

प्रतिमाबाई त्यांची बायको. माहेर मेहकरचं, आणि नोकरी शाळेत भूगोल शिकवायची. तीस वर्षं बाईंनी फळ्यावर निळ्या खडूने हिमालयातून नद्या उतरवल्या, आणि डोळ्यांनी पाहिल्या त्या आपल्याकडच्या, ज्यांच्या पात्रात एप्रिलपासून पोरं क्रिकेट खेळतात. मार्चअखेरीस बाई निवृत्त झाल्या. निरोप समारंभात कोणीतरी विचारलं, आता पुढं काय? सगळ्यांना वाटलं, नातवंडं किंवा चारधाम. बाई माईकवर म्हणाल्या, "राफ्टिंग. पहाडातल्या नदीत, रबराच्या नावेतून." मुख्याध्यापकांना टाळ्या वाजवाव्यात की नाही ते कळेना, म्हणून त्यांनी घाईघाईत नारळ पुढे केला.

घरी आल्यावर बाई म्हणाल्या, "अहो, नदी तुम्हीच निवडा. तुम्ही म्हणसान तिथं जाऊ. पण लवकर पाहा. माहे गुडघे अजून दोनेक वर्षं साथ देतीन, पुढचं काही खरं नाही."

वैजनाथरावांनी दुसऱ्याच दिवशी फाईल उघडली. खरोखरची फाईल, लाल लेस लावलेली, वर 'विषय: नदी' असं सुवाच्य अक्षरात. आत तुलनात्मक तक्ता: नदीचं नाव, मलकापूर स्टेशनपासूनचं अंतर, पाण्याचा वेग, पाण्याची थंडी, नावेचं वय, नावाड्याचं शिक्षण. एकूण बारा रकाने. मग फोन सुरू झाले. कोलाडच्या कुंडलिकेला धरणातून पाणी सोडतात हे कळल्यावर त्यांनी पाणी सोडण्याच्या आदेशाची प्रत मागितली. तिकडच्या पोराने फोन ठेवून दिला. शेरा पडला, 'कागदपत्रे अपूर्ण'. कुलूची बियास बर्फाचं पाणी आणते म्हणून 'प्रकृतीस प्रतिकूल'. राहिलं ऋषिकेश. तिथल्या कुलदीप नावाच्या नावाड्याला त्यांनी विचारलं, "आजतक कितने आदमी पानी में गिरे?"

"साब, गिरते तो सब हैं," कुलदीप आनंदाने म्हणाला. "लोग गिरने ही तो आते हैं."

वैजनाथरावांनी शेरा लिहिला, 'बाब गंभीर'. आणि तीनदा अधोरेखित केला.

इकडे बाईंची तयारी जोरात. मोबाईलवर व्हिडिओ लावायच्या, दिवाणाच्या काठावर बसायच्या आणि हातात कुंचा घेऊन वल्हवायच्या. फॉरवर्ड म्हटलं की फॉरवर्ड, बॅक म्हटलं की बॅक. शेजारच्या विमलबाई खिडकीतून चार दिवस पाहत होत्या. पाचव्या दिवशी न राहवून म्हणाल्या, "बाई, जाळं वर हाय, तुम्ही खाली काऊन झाडून राह्यल्या?"

एप्रिल गेला, मे गेला. बाईंनी विचारलं की उत्तर ठरलेलं, "फाईल विचाराधीन आहे." जूनअखेर ऋषिकेशचं राफ्टिंग पावसाळ्यासाठी बंद झालं, आणि त्या दिवशी वैजनाथरावांनी दोन पोळ्या जास्त खाल्ल्या. बाईंनी ते पाहिलं. ऑक्टोबरात पुन्हा नावा सुरू झाल्या तेव्हा नाइलाजाने वैजनाथरावांना अंतिम अहवाल द्यावा लागला. सर्व नद्या अपात्र. पर्यायी शिफारस अशी, की येळगाव धरणाच्या भिंतीवर बसून, भजी खात, पाणी सुरक्षित अंतरावरून पाहावे.

बाईंनी अहवाल वाचला. मग पेपर तपासायचा लाल पेन काढून तक्ता पहिल्यापासून वाचायला घेतला. वैजनाथराव उगाच पंख्याकडे पाहत बसले. बाराव्या रकान्यापाशी पेन थांबला. रकाना होता, 'प्रवाशांस पोहता येते काय'. बाईंच्या नावापुढे 'नाही' होतं. वैजनाथरावांच्या नावापुढे नुसती आडवी रेघ.

"ही रेघ कशाची?"

"माहिती उपलब्ध नाही."

"तुमचीच माहिती तुमच्यापाशी नाही?"

वैजनाथरावांनी पंख्यावरची नजर खाली आणली. मग जे तेहेतीस वर्षांच्या संसारात कधी बोलले नव्हते ते बोलले. धामणगाव बढेच्या मळ्यातली विहीर. ते आठ वर्षांचे असताना चुलतभावांनी पाठीला रिकामा डबा बांधून त्यांना पोहायला ढकललं होतं, आणि डबा सुटला होता. "भेव लागते मले पाण्याचं," ते म्हणाले. "अजून लागते. अन् तू नावेत बसशीन तर मले बसाच लागीन."

"तुम्हाले बसा म्हणलं कोण? मी नदी पाहा म्हणलं होतं." बाईंचा आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं. "भेव तुमचं होतं, अन् सहा महिने घरी मी बसली."

यात काढायला एकही त्रुटी नव्हती. माणसाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यांनी फाईल ओढली आणि लिहिलं, 'ऋषिकेश. मंजूर.' अटी नाहीत, शर्ती नाहीत, खाली फक्त सही. इतका छोटा शेरा त्यांनी जन्मात लिहिला नव्हता.

नोव्हेंबरात दोघं ऋषिकेशला पोचले. ठरलं असं, की बाई नावेत बसतील आणि वैजनाथराव खाली, जिथे नावा काठाला लागतात तिथे, शाली-चपला सांभाळत थांबतील. वर बाईंना नावेत बसवून ते जीपने तासभर आधीच खाली येऊन बसले, पाण्यापासून चांगली वीस पावलं लांब. एक नाव आली, दुसरी आली. तिसरी वळणावरून दिसली तेव्हा ते उठून उभे राहिले. वर नाव सुटताना त्यांनी स्वतः आठ माणसं मोजली होती. आता नावेत सात होती, आणि सातांत बाई नव्हत्या. नावेमागे पाण्यात एक नारिंगी टोपी खालीवर होत होती.

आता झालं होतं इतकंच, की संथ पाणी लागल्यावर कुलदीप म्हणाला, ज्यांना उतरायचं त्यांनी दोरी धरून उतरा, आणि बाई सगळ्यांच्या आधी उतरल्या. अंगात जॅकेट, हातात दोरी, मजेत तरंगत होत्या. पण हे काठावरच्या माणसाला कोण सांगणार?

नाव काठाला लागली, बाई दोरी सोडून उभ्या राहिल्या आणि पाहतात तर काय, समोर वैजनाथराव. कमरेइतक्या पाण्यात. पायात बूट, खांद्यावर शाल, चष्मा ओला, खिशातला मोबाईल गंगार्पण. थंडीने दातावर दात आपटत होते आणि दोन्ही हात बाईंच्या दिशेने पुढे केलेले होते.

"अहो, तुम्ही काऊन उतरले पाण्यात?"

"तू नावेत दिसली नाहीस," वैजनाथराव म्हणाले.

बाईंना हसू आलं होतं, ते तोंडातच राहिलं. त्यांनी पुढे केलेले हात धरले. कुलदीप काठावरून ओरडत होता, की साब, बाहर आइए, पानी ठंडा है. दोघं लवकर बाहेर आले नाहीत.