बर्फाला घाम फुटेपर्यंत

देवरामबाबा बर्फाचा चपटा डबा कानाशी धरून हलवायचा. फ्रीजरमधून काढलेले डबे तो आधी बाकावर मांडून ठेवी. वरून घाम फुटला, आत पाणी खुळखुळलं, की मगच ते लशीच्या पेटीत जायचे. ती पेटी खांद्याला अडकवून तो आरोग्य केंद्रातून सूर्यमाळच्या पाड्यांवर चालत जायचा. रस्ता नाही म्हणून साठीचा माणूस डोंगर चढतो, याचं कौतुक करू नये, लाज वाटावी. त्यालाही मी हे ऐकवलं होतं. तो म्हणाला, "लाज वाटून घे बाय, पण वाटेतून सरक."

रस्त्यासाठी लढणाऱ्या आमच्या संघटनेची पत्रकं वाटत मी त्याच्याबरोबर फिरायचे. "उन्हाळ्यात खेकडा खाली ओल लागंल तिथवर बीळ खणतो," तो सांगायचा. "लशीला नाय खणता येत. तिचं बीळ म्हंजे ही पेटी. पण थंडीनंही मरते ती. पोलिओचे थेंब गोठले तरी चालतात. ही सुई गोठली का संपली."

उन्हाचं मला पटलं, थंडीचं मी कानाआड केलं.

दिवाळी झाली होती. सात बाया लेकरं घेऊन पाड्यावर थांबल्या होत्या, कारण दुसऱ्या सकाळी त्यांना कामाला नेणारा वीटभट्टीचा ट्रक यायचा होता. ऊन चढत होतं. बाबा सिस्टरांशी बोलत असताना मी डबे फ्रीजरमधून काढून थेट पेटीत भरले.

"हलवून बघितलेस?"

"हो," मी खोटं बोलले.

पाड्यावर पेटी उघडली, तर बाटल्यांत बर्फाच्या कण्या. सगळी लस बाद. सिस्टर बाबावर ओरडल्या. माझ्याकडे न बघताच तो मला म्हणाला, "सांग. तुझं तोंड चांगलं चालतं."

मी बायांसमोर कबूल केलं. जनीच्या मांडीवर तीन महिन्यांचं पोर होतं. "मग आता भट्टीवर कोण टोचंल? तुझा कागद?" ती म्हणाली. बाबा पेटी उचलून सिस्टरांबरोबर डोंगर उतरला.

सकाळी मुकादम हॉर्न वाजवत होता. बायांनी भांडी चढवली, कोंबड्या चढवल्या, स्वतः मात्र खाली बसून राहिल्या. उन्हं वर आल्यावर बाबा दिसला, मागे सिस्टर. सातही लेकरांना सुई मिळाली.

"एवढा उशीर, बाबा?" मी विचारलं.

"लवकर येऊन मेलेली सुई देऊ?"

गेल्या पावसाळ्यात त्याला कावीळ झाली. रस्ता अजून नव्हताच. झोळी करून त्याला पाड्यावरून खाली आरोग्य केंद्रात न्यायला निघालो. वाहणाऱ्यांत जनी पुढे होती. मी "चला, चला" म्हणून ओरडत होते.

"बाय," तो झोळीतून म्हणाला, "दम खाऊ दे त्यांना."

झोळी टेकवली. पुन्हा उचलली तेव्हा तो गेला होता.