टाकीत राहिलेले तेल

त्या हिवाळ्यात माझे पोस्टिंग उत्तरेकडच्या एका डोंगरी रस्त्यावर होते. इंजिनियर रेजिमेंटची बारा जणांची डिटॅचमेंट. काम एकच, रस्ता उघडा ठेवणे. बर्फ हटवायचा, दरड हटवायची, पडलेली झाडे कापायची. मी हवालदार होतो आणि डिटॅचमेंट माझ्या ताब्यात होती.

बारा जणांत मराठी आम्ही दोघेच. मी कन्नड तालुक्यातल्या पिशोरचा आणि सॅपर, म्हणजे साधा जवान, कैलास दांडगे सोयगावचा. त्याचे वय चोवीस. कोणतेही मशीन हाती आले की त्याचे झाकण उघडून आत बघायची त्याला सवय होती. फौजेत शिकवणाऱ्या हवालदाराला उस्ताद म्हणतात, तसे तो मला म्हणायचा.

फेब्रुवारीत आम्हाला नवी चेनसॉ मिळाली. ज्यांनी ती हाताळलेली नाही त्यांच्यासाठी सांगतो. तिला दोन टाक्या असतात, एक पेट्रोलची आणि एक चेनच्या तेलाची. चेन ज्या लांब पात्यावर फिरते त्याला बार म्हणतात. बारला एक बारीक भोक असते, त्यातून तेल चेनला मिळते. पेट्रोल एक टाकी जळेपर्यंत तेलही बरेच खाली जायला हवे. पेट्रोल संपले आणि तेल भरलेलेच असले, तर चेन कोरडी फिरते आहे.

आम्ही ट्रायलला एक पूर्ण टाकी चालवली. कैलासने तेलाचे झाकण उघडले.

"उस्ताद, पेट्रोल संपलं. तेल जसंच्या तसं हाय."

"थंडीनं घट्ट झालं असंल."

"बार खोलून बघू का? धा मिनटं लागतील."

"उद्या सीओ साहेबांचं इन्स्पेक्शन आहे. आता खोलाखोली नको. नंतर बघू."

"व्हय उस्ताद." मग तो हसला. "तशी लई सभ्य बाई हाय. एक थेंब सांडत नाय."

नेमके तेच मला बरे वाटले होते. इन्स्पेक्शनला सगळी हत्यारे पांढऱ्या चादरीवर मांडतात. जुनी चेनसॉ नेहमी तेल गाळायची, चादरीवर डाग पडायचा आणि मला बोलणी बसायची. ही सॉ कोरडी ठणठणीत होती. मी तपासणीच्या कागदावर 'सर्व्हिसेबल', म्हणजे वापरायला योग्य, असे लिहिले आणि सही केली. दुसऱ्या दिवशी सीओ साहेब, म्हणजे आमचे कमांडिंग ऑफिसर, चादरीसमोर थांबले, "व्हेरी गुड, हवालदार," म्हणाले आणि पुढे गेले.

'नंतर बघू' म्हणालो होतो. बघितले नाही.

इन्स्पेक्शननंतर तिसऱ्या दिवशी सकाळी ०७१० वाजता रेडिओवर मेसेज आला. किलोमीटर बावीसवर झाड पडले आहे, पलीकडे ॲम्ब्युलन्स अडकली आहे.

"कितना टाइम लगेगा? ओव्हर."

"पहुँचके बीस मिनट. ओव्हर."

"रॉजर. आउट."

०७४५ ला पोहोचलो. देवदार आडवा पडला होता. बुंधा डोंगराकडे, शेंडा दरीकडे. कैलासने कापायला सुरुवात केली. पाचव्या मिनिटाला बारमधून धूर निघाला. सातव्या मिनिटाला चेन जाम झाली आणि सॉ अर्ध्या कापात अडकली. ॲम्ब्युलन्समधला नर्सिंग असिस्टंट सारखा घड्याळ बघत होता. मी वीस मिनिटे सांगून बसलो होतो.

कापात पाचर ठोकली तर सॉ सुटणार होती. रस्ता तिथे उताराचा होता आणि खोडाच्या वरच्या बाजूला कमरेइतका बर्फ होता. अर्धवट कापलेल्या खोडाच्या उताराकडच्या बाजूला कधीही उभे राहायचे नाही, हे मीच सगळ्यांना शिकवले होते.

"कैलास, खालून जा. पाचर मार."

त्याने एकदा माझ्याकडे बघितले. "खालून, उस्ताद?"

"लवकर."

दुसऱ्या घावाला खोड तुटले आणि घरंगळले. ०७५८. ॲम्ब्युलन्सचा रस्ता मोकळा झाला होता. पेशंट वाचला, असे नंतर कळले. कैलास जागीच गेला.

एवढे मी पूर्वीही लोकांना सांगितले आहे, फक्त तेलाची गोष्ट आणि तो कुणाच्या हुकमाने खाली गेला ते गाळून. पुढचे कधीच सांगितले नव्हते.

त्याच दुपारी दोन वाजता मी स्टोअरमध्ये एकटा गेलो आणि बार खोलला. नव्या बारला गंज लागू नये म्हणून लावलेले ग्रीस भोकात घट्ट बसले होते. मी तारेने ते काढले. चेन बदलली. दुसऱ्या दिवशी कोर्ट ऑफ इन्क्वायरीपुढे सॉ चालवली. बर्फावर तेलाची स्वच्छ रेघ उमटली. चौकशीत लिहिले गेले, सॉ सर्व्हिसेबल, जवान स्वतःच्या चुकीने उताराच्या बाजूला गेला. माझा हुकूम वाऱ्यात बाकीच्यांना ऐकू गेला नव्हता. मी गप्प बसलो.

या गोष्टीला अकरा वर्षे झाली. मी रिटायर होऊन छत्रपती संभाजीनगरात बीड बायपासला राहतो, वाळूजच्या एका कंपनीत सिक्युरिटी सुपरवायझर आहे. गेल्या महिन्यात कैलासच्या मोठ्या भावाचा, भाऊरावांचा, फोन आला. आमच्याकडे गावात कुठल्याही फौजीला मेजरच म्हणतात.

"मेजर, नवी मशीन आणली लाकडं कापायची. चेन लई तापती. तेल तर काठोकाठ भरलंय, कमीच होईना. तुमाला कळतंय त्यातलं, म्हणून इचारलं."

मी म्हणालो, "चालवू नका. मी येतो."

रविवारी पहिल्या एसटीने सोयगावला गेलो. त्यांच्या अंगणात बार खोलला. भोकात तेच घट्ट ग्रीस होते. तारेने साफ केले, बार जोडला, जमिनीवर जुना पेपर पसरला आणि बारचे टोक त्यावर धरून रेस दिली. पेपरवर तेलाची रेघ उमटली.

"बास? एवढंच व्हतं?" भाऊराव म्हणाले.

"एवढंच होतं."

ते हसले. "आमच्या कैलासला बी असंच शिकवायचं व्हतं मेजर. लहानपनापासून धांदरट. नको तिथं जाऊन हुबा ऱ्हायला."

मी सॉ बंद केली आणि सगळे सांगितले. तेल, चादर, सही, हुकूम, तार. कुठेही थांबलो नाही.

भाऊरावांनी पेपर उचलला आणि त्यावरची रेघ बघितली. मला वाटले मारतील. मारले असते तर हात वर केला नसता.

"तेल जसंच्या तसं हाय, असं त्यो बोलला व्हता?"

"हो."

"आन् खालून जाऊ का, ते बी इचारलं?"

"विचारलं होतं."

"मंग त्यो धांदरट नव्हता." ते उठले. "आत चला. आईला सांगा. मी नाय सांगनार. तुमीच सांगा, तुमच्या तोंडानं."

आई खाटेवर बसल्या होत्या. मी उभा राहून सांगितले. त्यांनी पाणी विचारले नाही, बस म्हणाल्या नाहीत. सांगून झाल्यावर म्हणाल्या, "ज्यांनी कागद लिवला त्यांना बी सांगा."

फौजेच्या रेकॉर्ड ऑफिसला मी अर्ज पाठवला आहे. तिकडून काय कारवाई होईल ती होवो. अर्जात लिहिलेले शेवटचे वाक्य इथेही लिहितो. सॅपर कैलास दांडगे याने बिघाड वेळेत ओळखला होता, वेळेत रिपोर्ट दिला होता आणि हुकूम पाळताना तो गेला.