मंगळ मागे का जात नाही

शितोळे सरांनी हँडल चार वेळा फिरवलं आणि माझ्याकडे बघितलं. "मॅडम, मंगळ मागे का नाही जात आहे?"

मला प्रश्नच कळला नाही. मंगळ मागे कशाला जाईल?

आमचं सांवेर रोडवर छोटं युनिट आहे. आम्ही शाळांसाठी चालती मॉडेल्स बनवतो, डिझाइन माझं. बेटम्याच्या शाळेत विज्ञान शिकवणारे शितोळे सर महिन्यापूर्वी हाताने काढलेलं ड्रॉइंग देऊन गेले होते. मध्ये पृथ्वी, भोवती सूर्य आणि ग्रह. मंगळाच्या मोठ्या गिअरवर आणखी एक छोटा गिअर बसवलेला. मी कपाळाला हात लावला. आमचे मालक जैनजी म्हणाले, "सर बुजुर्ग आहेत, चूक झाली असेल. तुम्हीच ठीक करून टाका ना." मी सूर्य मध्ये आणला, छोटा गिअर काढला. फोन केला नाही, उगाच त्यांना ओशाळं कशाला करायचं म्हणून. मोठं मन दाखवलं असंच मला वाटत होतं.

आता मॉडेल पोचवायला मी शाळेत आले होते आणि सर समजावत होते. आकाशात मंगळ मधूनच काही आठवडे उलटा सरकताना दिसतो. पंचांगात त्याला वक्री म्हणतात. पृथ्वी मध्ये मानली, तर ही उलटी चाल दाखवायला तो छोटा गिअर लागतोच.

"पहिले पोरांना हेच खरं वाटू द्यायचं होतं," सर म्हणाले. "मग त्यांनीच विचारलं असतं, इतकी भानगड कशासाठी? तेव्हा मी बोर्डावर सूर्य मध्ये काढणार होतो."

मी पार चक्रावले. बरोबर काय आणि चूक काय, काहीच सुधरेना. नवा गिअर कापायला दोन दिवस लागले असते. सरांचा तास दहा मिनिटांवर होता, आणि तो त्यांच्या नोकरीतला शेवटचा तास होता. मी माफी मागितली. ते रागावले असते तर मला बरं वाटलं असतं.

नववीची मुलं आली. सरांनी हँडल फिरवलं. सगळे ग्रह सूर्याभोवती गुमान फिरले. पहिल्या बाकावरची मुलगी म्हणाली, "सर, ये तो किताब में है." बाकीच्यांनी वहीत आकृती उतरवून घेतली.

"कुछ पूछना है किसी को?" सरांनी दोनदा विचारलं. एकही हात वर झाला नाही.

आता ड्रॉइंगमध्ये चूक दिसली की मी आधी फोन करते.