रेश्माच्या नाकाची दुसरी तारीख

पाथर्डी मागे पडली तेव्हा ऊन चांगलंच तापलं होतं आणि रेश्माच्या टाचेखाली फोड आला होता. नवरात्रातली सातवी माळ. तिसगावातून दोघी पहाटे अनवाणी निघाल्या होत्या, मोहटादेवीच्या गडाकडे. सुकन्यानं दोनदा म्हणून पाहिलं, घटकाभर बस. रेश्मा म्हणाली, बसलं की फोडाला कळतं आपण थकलोय ते. आणि चालत राहिली, तोंड जरासं उघडं ठेवून. लहानपणापासून ती तोंडानंच श्वास घेत चालते, कारण तिच्या नाकाची डावी बाजू बंद आहे.

दोघी सातवीपर्यंत एका बाकावर बसलेल्या. सुकन्या आता अंगणवाडीत असते. हे लिहून काढणारी तीच. रेश्माचं तिसगावच्या बाजारपेठेत पार्लर आहे. घराच्याच पुढच्या खोलीत एक खुर्ची, एक मोठा आरसा आणि लग्नसराईत बाहेर ओट्यापर्यंत बसलेल्या बायका.

रस्त्याच्या कडेला कुणीतरी मंडप घालून चालणाऱ्यांना शाबुदाण्याची खिचडी वाटत होतं. तिथं गावातली एक ओळखीची बाई भेटली. तिनं रेश्माचं तोंड आधी समोरून पाहिलं, मग बाजूनं पाहिलं, आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, "रेश्मा, गेल्या वर्षी नाकाचं ऑपरेशन केलंतं ना गं? मग कुठं गेलं ते?"

दोघीतिघी पदराआड हसल्या.

"अर्धं झालंय काकू," रेश्मा खिचडीचा द्रोण घेत म्हणाली. "उरलेलं अर्धं कोजागरीनंतरच्या सोमवारी. या बघायला, मग समोरून बघा."

उत्तर दिलं खरं, पण रेश्माला खिचडी गोड लागली नाही. चार घास खाऊन तिनं द्रोण सुकन्याला दिला. सोमवारच्या त्या तारखेचा विचार गेले पंधरा दिवस तिच्या डोक्यातून गेलेला नव्हता. डॉक्टरांनी सरळ सांगितलं होतं, हे दुसरं ऑपरेशन आहे, आतलं मऊ हाड, म्हणजे कूर्चा, आता थोडंच शिल्लक आहे, कानामागचं घ्यावं लागेल. तिसऱ्यांदा मी हात लावणार नाही. म्हणजे या वेळी नाक टिकलं तर टिकलं.

नाक मोडलं तेव्हा रेश्मा अकरा वर्षांची होती. आई जाऊन दोन वर्षं झाली होती. हापशीवर पाणी भरताना हापसणाऱ्या पोरीच्या हातून दांडा सुटला आणि खाली वाकलेल्या रेश्माच्या तोंडावर बसला. घरी आणलं, हळद भरली. वडील म्हणाले, वाढीचं वय आहे, आपोआप सरळ होईल. ते झालं नाही. नाक मधोमध उजवीकडे कललं आणि तसंच वाढलं. शाळेत पोरं तिला दिशा विचारायची: शाळा कुठंय गं, म्हणजे तुझ्या नाकाकडं बघून जातो. ती त्यांना मारायची. मार खाऊन पोरं गप्प बसायची, पण पाहुणे बघायला यायला लागले तेव्हा कुणाला मारणार? चहा-पोहे खाऊन नऊ ठिकाणची माणसं कळवतो म्हणून गेली. दहावा भीमराज. टेम्पोवाला, मोजकं बोलणारा. त्यानं नाकाबद्दल काहीच विचारलं नाही. पुढं कधीतरी तिनं विचारलं, तर म्हणाला, मी तुझ्याकडं बघत होतो, नाकाकडं कशाला बघू.

त्याच्या आईचं नाव केशरबाई. त्या सगळ्या भागात ठाऊक आहेत, कारण चाळीस वर्षं त्यांनी घरोघरी बाळांना न्हाऊ घातलंय. पाटावर बसायचं, पाय लांब करायचे, बाळ पायांवर पालथं घ्यायचं, तेल, हळदबेसन, कढत पाणी. आणि शेवटी बाळाला उताणं करून अंगठा आणि दोन बोटांनी त्याचं नाक वरून खाली ओढायचं, रोज, सव्वा महिना. वरातीत एखादा नवरदेव घोड्यावरून चालला की त्या शेजारणीला सांगायच्या, ते नाक माजं हाय. रेश्माची पोर संस्कृती झाली तेव्हा तिचंही नाक त्यांनी असंच काढलं. रेश्मा बाजेवर पडून रोज ते बघायची. केशरबाईंचा, म्हणजे तिच्या आत्याबाईंचा, अंगठा पोरीच्या इवल्याशा नाकावरून फिरायचा आणि हिच्या डोळ्यांत पाणी यायचं. बाळंतिणीला असं होतं, असं सगळ्यांना वाटायचं.

पार्लरमध्ये रेश्मा दुसऱ्यांची नाकं सरळ करायची. तपकिरी पावडरीच्या दोन बारीक रेघा, मधे उजळ पट्टी, आणि फेंदारलेल्या नाकाची नवरीही फोटोत चाफेकळी दिसायची. एका लग्नसराईत अशा तीसचाळीस नवऱ्या. स्वतःच्या नाकावर ती रेघ कधीच ओढायची नाही. संध्याकाळी पुसावीच लागते ना, म्हणायची.

गावात नाक-कान-घशाचं शिबिर भरलं तेव्हा ती रांगेत उभी राहिली. डॉक्टरनं आत दिवा घालून पाहिलं, पडदा वाकडा आहे म्हणाला, एक बाजू बंदच आहे, नगरला जाऊन दाखवा. भीमराजनं बरोबर सुचवलं, श्वासाचं ऑपरेशन आहे म्हणून सांगू सगळ्यांना, खोटंही नाही. रेश्मानं ऐकलं नाही. तिनं केशरबाईंना समोर बसवून सांगितलं, "आत्याबाई, श्वासाचं तर आहेच. पण मला सरळ नाकबी पाहिजे. दोन्ही सांगते, म्हणजे मागून कुणी काढायला नको."

देवानं दिलेलं मोडायचं न्हाई, एवढंच केशरबाईंचं म्हणणं. रेश्मा म्हणाली, देवानं दिलेलं सरळच होतं, मोडलं ते हापशीनं.

नगरच्या दवाखान्यात बसायच्या खोलीत सगळ्या बायका स्कार्फ बांधून बसलेल्या. विचारलं तर प्रत्येक बाई ॲलर्जीसाठी आलेली. रेश्मानं स्कार्फ सोडला आणि मी नाकासाठी आलेय म्हणाली. मग हळूहळू एकेक उलगडत गेलं. एकीच्या मानेवर स्टोव्हच्या भडक्याचा वण होता, ती अठरा वर्षं बंद गळ्याचंच ब्लाउज घालत होती. एका बाईंना तीन सिझेरियननंतर लोंबलेलं पोट कमी करून घ्यायचं होतं. कॉलेजातल्या एका पोरीला ओठ फुगवून पाहिजे होते. तिला डॉक्टरांनी आधी आईला घेऊन ये म्हणून परत पाठवलं. एकीच्या गालांची कातडी बाजारच्या बिननावाच्या गोरं करायच्या मलमानं पातळ होऊन लाल झाली होती. ते मलम रेश्माच्या पार्लरमध्येही होतं. घरी आल्यावर तिनं सगळ्यात आधी ते उकिरड्यावर टाकलं.

गेल्या वर्षी श्रावणात, लग्नं नसताना, ऑपरेशन झालं. शुद्धीवर आली तेव्हा नाकात बोळे, वर पट्टी, डोळ्यांखाली काळंनिळं. दोन दिवसांनी बोळे काढले. आठ दिवस केशरबाईंनी जी सेवा केली ती कुणी लेकीची करणार नाही. डोकं उंच राहावं म्हणून तीन गोधड्या एकावर एक घालून त्या उशाशी बसायच्या. पेज चमच्यानं पाजायच्या. शिंकू नको, वाकू नको, नाक शिंकरू नको, डॉक्टरांनी सांगितलेलं सगळं त्यांना तोंडपाठ. आठव्या दिवशी वरची पट्टी निघाली आणि डॉक्टरांनी आतून साफ केलं. रेश्मानं श्वास घेतला. दोन्हीकडून आला. बावीस वर्षांनी. दवाखान्याच्या फिनेलचा वास तिला इतका भरून आला की ती हसायलाच लागली.

निघताना डॉक्टरांनी बजावलं, सूज उतरायला महिने लागतील, खरा आकार वर्षानं दिसेल, नथ नाही, चष्मा नाही, आणि सहा आठवडे फार जपा, हाडं अजून कच्ची आहेत.

बाकीचं सगळं केशरबाईंनी तसंच्या तसं पाळलं. फक्त या शेवटच्या वाक्याचा त्यांचा अर्थ वेगळा होता. चाळीस वर्षं त्यांनी कच्च्या हाडांवरच काम केलं होतं. हाड कच्चं आहे म्हणजे वळवायची वेळ हीच. नाक बटाट्यासारखं सुजलेलं, बघायला येणाऱ्या बायका तोंडावर म्हणायच्या, यापेक्षा आधीचं बरं होतं. दुपारी गोळी घेऊन रेश्मा पडली की केशरबाई खोबरेल कोमट करून आणायच्या आणि अंगठा अन् दोन बोटांनी, अगदी हलक्या हातानं, वरून खाली ओढायच्या. असे पाच दिवस. पाचव्या दिवशी आत कट्ट झालं. नाकातून रक्त आलं. सूज उतरली तेव्हा नाक पुन्हा उजवीकडे गेलेलं होतं आणि डावी बाजू बंद.

डॉक्टर केशरबाईंना जे बोलले ते इथं लिहीत नाही. त्यांनी मान खाली घालून ऐकलं. त्या दिवसापासून त्यांनी पाट उभा करून ठेवला. पोरी बाळंत झाल्या, बोलावणी आली, त्या म्हणायच्या, हात दुखत्यात. सगळ्या गावाला ठाऊक झालं की केशरबाईनं सुनेचं नाक घालवलं.

खिचडीचा मंडप मागं टाकून दोघी पुढं निघाल्या. गडाचा चढ लांबून दिसायला लागला होता. सुकन्यानं हात जोडले. मग विचारलं, देवीला काय मागणार?

"नाक सरळ कर म्हणून नाही मागणार," रेश्मा म्हणाली. "ते डॉक्टरचं काम. तिनं कुठं कुठं बघायचं? मला फक्त एका गोष्टीपुरता धीर पाहिजे, थांबा म्हणायचा." चढाकडं बघत ती थोडं अंतर चालली. मग म्हणाली, "सुके, मी झोपलेली नव्हते."

सुकन्याला आधी उमगलं नाही.

"दुपारी. ते पाच दिवस. गोळीनं गुंगी यायची, पण मी जागी होते. मला माहीत होतं हात लावायचा नाही ते. डॉक्टरनं मलाच तर सांगितलं होतं." ती चालता चालताच बोलत होती, लंगडत. "आई गेल्यावर या नाकाला कुणी मायेनं हात लावला नव्हता गं. चिमटे काढले, बोटं दाखवली. आत्याबाईंचा तो अंगठा फिरायला लागला, कोमट तेल, मला वाटलं आपण त्यांच्या पायांवर आहोत. थांबा म्हणायला तोंडच उघडेना. म्हटलं आजच्या दिवस. असे पाच आजचे दिवस झाले."

वर्षभर तिनं हे कुणाला सांगितलं नव्हतं. दुसरी तारीख मिळाल्यावर मात्र तिला ते पोटात ठेवून टेबलावर झोपायचं नव्हतं. आधी डॉक्टरांना सांगितलं. ते तिच्याकडं बघतच राहिले आणि म्हणाले, मग आता काय हमी? त्याच संध्याकाळी केशरबाईंना सांगितलं. त्या तांदूळ निवडत होत्या. त्यांचा हात थांबला.

"मंग येवडं वरीसभर मला का जाळलंस?" त्या म्हणाल्या.

रेश्मानं पाय धरले. त्यांनी काढून घेतले नाहीत, पण डोक्यावर हातही ठेवला नाही. त्याला आठ दिवस झाले. काल मात्र न सांगता त्यांनी राजगिऱ्याचे लाडू वळून पिशवीत घातले, चालताना खा म्हणून. त्याचा अर्थ काय धरायचा, ते रेश्माला अजून कळलेलं नव्हतं.

चढ सुरू झाला. पायऱ्यांच्या तोंडाशी गर्दी होती, उन्हानं दगड भाजत होते. रेश्मा तिथं थांबली, खिचडीनंतर पहिल्यांदाच. फोड फुटला होता. तिनं सुकन्याचा हात धरला, शाळेत मारामारीला जाताना धरायची तसा घट्ट.

"भीमराजला सांगून उपयोग नाही, तो आईपुढं बोलत नाही," ती म्हणाली. "आणि आत्याबाईंना मी लांब ठेवणार नाही. पेज त्यांच्याच हातची पाहिजे, उशाशी त्याच पाहिजेत. म्हणून तुला मागते. पट्टी निघाली की सहा आठवडे रोज दुपारी अंगणवाडी सुटल्यावर माझ्याकडं ये, मी झोपून उठेपर्यंत बस. नाकाला कुणाला हात लावू देऊ नको. आत्याबाईंनी हात जोडले तरी नाही, आणि सुके, मी स्वतः म्हणाले ना, राहू दे, लावू देत, तरी माझं ऐकू नको."