सूनबाईंची गरम मिसळ

मानसशास्त्राच्या एम.ए.ला आम्हाला निरीक्षण पद्धतीचं प्रात्यक्षिक होतं. माणसं जिथे सहज वावरतात तिथे जाऊन बसायचं, मध्ये पडायचं नाही, आणि आपण बघतोय हे त्यांना कळू द्यायचं नाही. हा नियम करणारा माणूस नाशिकमध्ये कधी मिसळ खायला आला नसावा. इथे एकटी मुलगी टेबल अडवून बसली की निरीक्षण आधी तिचंच सुरू होतं.

माझा विषय होता, कुटुंबात गरम कोण खातं. सर म्हणाले, "जरा हलका नाही का विषय?" मी म्हटलं, "सर, घरी विचारून बघा." त्यांनी लगेच विषयावर सही केली.

रविवारी सकाळी गंगापूर रोडच्या बाजूला, मळ्यातल्या एका मिसळीच्या ठिकाणी जाऊन बसले. समोर एक कुटुंब होतं: सासू-सासरे, दोन मुलगे, थोरल्याची बायको आणि तिचं लेकरू. सूनबाई लेकराला जिलबी भरवत होत्या, सगळ्यांच्या वाट्यांत रस्सा ओतत होत्या, दिरासाठी पाव मागवत होत्या. त्यांच्या स्वतःच्या मिसळीत शेव भिजून पार लगदा झाला. मला राग आला. पण निरीक्षकाने रागवायचं नसतं, म्हणून मी कांदा जोरात चावला.

पुढच्या रविवारी तेच कुटुंब, तेच टेबल. आणि काय आश्चर्य! सासूबाईंनी पहिला रस्सा सुनेला वाढला. "तू खाऊन घे गं आधी, गार होईल," हे एवढ्या मोठ्याने की शेजारच्या टेबलानेही वळून पाहिलं. लेकरू त्यांनी स्वतःच्या मांडीवर घेतलं. धाकटा मुलगा ताठ बसून पावाचे इवलेसे तुकडे खात होता. मी हरखून लिहीत सुटले.

हात धुवायला गेले, तर मागोमाग सूनबाई आल्या.

"तू पिंपळगावची ना गं?"

"नाही हो वहिनी, कॉलेजची. अभ्यासासाठी बघत होते."

त्यांना हसू आवरेना. दिराचं पिंपळगावच्या एका मुलीशी जमत आलं होतं. अशा वेळी मुलीकडचे गुपचूप कुणाला तरी पाठवून घर कसं आहे ते बघून घेतात. गेल्या रविवारी सासूबाईंनी मला त्यांच्याकडे बघून लिहिताना पाहिलं आणि ती पाठवलेली मुलगी मीच, असं धरून टाकलं.

माझं तोंड उतरलं. आपल्याला कुणीतरी बघतंय हे कळल्यावर माणसं जशी वागतात, ते आमच्या कामाचं नसतं. निदान गैरसमज तरी दूर करावा म्हणून मी त्यांच्या टेबलाकडे निघाले, तर सूनबाईंनी माझं मनगट धरलं.

"खबरदार सांगितलंस तर! लग्न झाल्यापासून आज पहिल्यांदा गरम मिसळ खाल्लीये मी."

हसतच म्हणाल्या, पण मनगट सोडलं नाही.

सरांनी दुसरं कुटुंब शोधायला सांगितलं. मी शोधलं, नीट लपून बघितलं, प्रात्यक्षिक पार पडलं. पण दिराचं लग्न ठरेपर्यंतचे सगळे रविवार मी त्या मळ्यातच काढले, सासूबाईंकडे टक लावून. सूनबाई आता रस्सा दुसऱ्यांदा मागवू लागल्या होत्या.