आत्ताचं का तवाचं

प्रसारणाच्या नव्या कायद्याचा मसुदा सरकारनं लोकांच्या मतासाठी ठेवला, तेव्हा भोरच्या खोलीवर बसून मी तो सगळा वाचला. कळेना तिथं परत वाचला. आमच्या घरात कॉलेज पाहिलेला पहिला माणूस मी. मत मागितलंय तर देणार.

खोलीवरचा सोबती हसला. "तुझ्या मतावाचून दिल्लीचं अडलंय व्हय?"

"अडलं नसेल. पण मागितलंय त्यांनी."

नोंदणी कुणी करायची, इंटरनेटवर काय दाखवायचं, तक्रार कुठं करायची, सगळं त्यात होतं. मी चार ओळी लिहायचो, खोडायचो. काहीतरी राहतंय असं सारखं वाटत होतं आणि ते हाती लागत नव्हतं.

शनिवारी घरी गेलो. आमचं गाव वेल्ह्याच्या वरच्या अंगाला, आणि वस्ती गावापासूनही बाजूला. तिथं रेंज नाही. म्हशी घेऊन माळावर चढलं की मोबाईल जागा होतो. गावातल्या देवळावरचा भोंगा मात्र वस्तीवर स्वच्छ ऐकू येतो. आईच्या डोळ्यात मोतीबिंदू. दवाखान्यात चल म्हटलं की "तुझ्यासंगं नगं, बायका असल्या तर येते" म्हणायची. शाळेत डोळ्यांचं शिबिर होणार, गावातल्या सगळ्याजणी जाणार, असं ठरल्यावर ती कशीबशी कबूल झाली होती.

"झालं शिबिर?"

"गेल्ते की. शाळंला कुलूप. धुतलेलं लुगडं नेसून दुपारपातूर पायरीवर बसले. म्हणलं, डाक्टराची गाडी कुठं अडकली आसंल."

शिबिर आदल्या दिवशीच होऊन गेलं होतं. सरपंच आता भोंग्यावर सांगत नाही, ग्रुपवर स्वतःचा आवाज पाठवतो. आई दुसऱ्या दिवशी माळावर गेली तेव्हा तो तिला ऐकू आला: उद्या सकाळी शाळेत या. भोंग्यावरचं उद्या म्हणजे उद्याच. जन्मभर ती तेच ऐकत आली. निरोपाखाली तारीख असते म्हणा, पण ती वाचायला डोळे लागतात.

सरपंच माझ्याच वर्गातला. गावात जाऊन गाठला, तर त्यानं मोबाईल पुढं केला. "निरोप पोचला न्हाई म्हणू नगंस. तिनं ऐकल्याची खूण हाय बघ."

"शिबिर उठल्यावरची खूण आहे ती."

"मग रेंज काय म्या आणू? तू शिकलेला, लिही की सरकारला."

"लिहितोयच. तू भोंगा चालू कर."

"त्याला देवळापातूर जावं लागतं. हे पंचायतीच्या वायफायवर बसल्या जागी हुतंय."

भोरला येऊन मी मताच्या शेवटी एक ओळ घातली: सांगितलेलं वेळेत पोचलं का, हे बघायचं कुणी? पाठवून दिलं. तरी चैन पडेना. शनिवारी परत घरी.

चहा पितोय तोच भोंगा बोलला. सरपंचाचाच आवाज. डोळ्याचे राहिलेले पेशंट उद्या सकाळी वेल्ह्याला तपासणार, त्यांना घेऊन या. मी आईकडं ऐटीत बघितलं. ती जागची हलली नाही.

"हे आत्ताचं का तवाचं?"

"आई, भोंगा आहे. आत्ताचंच असणार."

"जाऊन बघ."

देवळात गुरवकाका माईकपुढं मोबाईल धरून बसले होते. सरपंच पुण्याला गेलेला.

"काका, हे बोललाय कधी तो?"

"मला काय ठावं? त्यानं आमच्या सुनंला धाडलं, सुनंनं मला. सकाळी माळावर गेल्तो तवा आलं. लावा म्हणला, लावलं."

पुढं पाठवलेल्या निरोपावर मूळची तारीख राहत नाही. सून माहेरी, आणि फोन लावावा तर गावातही रेंज नाही. मी परत आलो. आई लुगडं मांडीवर घेऊन बसली होती.

"कवाचं हाय?"

"माहीत नाही," म्हटलं. पदवी घेतल्यापासून हे दोन शब्द मी तिच्यापुढं उच्चारले नव्हते.

तिनं लुगडं पिशवीत घातलं. "मग आत्ताच निघू. उद्या आसंल तर राहू येल्ह्यात तुझ्या मावशीकडं."

"बायका नकोत?"

"त्यांचं झालंय. गाडी काढ."

खिंडीत आलो तसा खिशातला मोबाईल थरथरायला लागला. अडकलेले निरोप एकामागून एक येत होते. मी वेग कमी केला. "थांबू का? सरपंचाचंच असेल."

"नगं," आई मागून म्हणाली. "डाक्टर हाय का न्हाई, ते डाक्टरालाच इचारू."