बंद आहे म्हणालो

तो वसमतचा, इंटरनेटच्या फायबर केबल जोडणारा. नाव मी विचारलं नाही. मास्तरकीतून निवृत्त झाल्यावर मी घरी हौसेने लेझर बनवत होतो. लेझरच्या काचेच्या फायबरला कनेक्टर बसवायला मी त्याला बोलावलं होतं.

ओसरीत बसून तो कनेक्टरचं टोक बारीक पॉलिश कागदावर इंग्रजी आठ गिरवल्यासारखं हलकेच घासायचा. तुटलेला काचेचा प्रत्येक कण चिकटपट्टीवर टिपून घ्यायचा. "लेकरं उघड्या पायानं फिरतेत," म्हणायचा. माझ्या घरात लेकरू नव्हतं.

फायबरचं दुसरं टोक आतल्या खोलीत लेझरला जोडलेलं होतं. घासलेलं टोक सूक्ष्मदर्शकातून तपासण्याआधी तो थांबला.

"सर, लेझर बंद हाय ना?"

"हो."

"एकडाव आत जाऊन बघता का?"

मी पेपरमधून मानही वर केली नाही. "आता तू मला शिकवणार? बंद आहे म्हटलं ना."

तो हसला. "तुमी मास्तर. तुमी म्हनता म्हंजी बराबरच आसंल."

सकाळी चाचणीसाठी लावलेला लेझर चालूच होता. त्याचा प्रकाश दिसत नाही. त्याने उजवा डोळा लावला आणि म्हणाला, "सर, मधोमध काळं दिसून राहिलं." तो डोळा पुन्हा सुधारला नाही.

त्याचा ठेकेदार चौकशीला आला तेव्हा मी सांगितलं, याने न विचारताच पाहिलं. तो शेजारीच उभा होता. माझ्याकडे बघत म्हणाला, "व्हय, मीच इचारायचं इसरलो आसंन."

त्याचं काम सुटलं. त्याने दोनदा विचारलं होतं. हे ज्याला सांगायला हवं होतं तो ठेकेदार वारला, आणि ज्याची माफी मागायची त्याचं नाव मला माहीत नाही.